बघत राहण्याचं काम

रुग्णाचा श्वास मोजताना ‘तुमचा श्वास मोजते आहे’ असं सांगायचं नसतं. सांगितलं की माणूस नकळत श्वासावर ताबा घेतो आणि मग हाती येणारा आकडा खरा राहत नाही. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगटावरची बोटं तशीच ठेवायची, नजर छातीकडे न्यायची आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. रुग्णाला वाटतं, अजून नाडीच बघताहेत. प्रौढ माणूस शांत पडलेला असताना मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो. तो आकडा २२, २४, २६ असा चढू लागला, तर पुष्कळदा रक्तदाब ढासळण्याच्या कितीतरी आधी शरीर काहीतरी सांगू पाहत असतं. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन हे यंत्रं दाखवतात. साध्या वॉर्डात श्वास मात्र अजूनही माणसालाच मोजावा लागतो, आणि घाईच्या वेळी सगळ्यात जास्त हयगय त्याच्याच वाट्याला येते. चार्टवर ओळीनं १८, १८, १८ लिहिलेलं दिसलं की मी स्वतः जाऊन पुन्हा मोजते.

विद्यार्थिनी असताना ट्यूटर बाईंनी हे शिकवलं, तेव्हा मला एकदम जाग आल्यासारखं झालं. तोवर नर्सिंग म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेलं नीट पार पाडणं, अशी माझी समजूत होती. इथे कुणी काही लिहून दिलेलं नव्हतं. समोरच्या माणसात काय बदलतंय हे आपण होऊन बघायचं होतं, आणि त्याला ओझं वाटू न देता बघायचं होतं. कॉलेजात प्रवेश मी आधीच घेतला होता. निवड मात्र त्या दिवशी झाली असं मला वाटतं.

प्रवेश घेतानाची कारणं साधीच होती. विज्ञान आवडायचं, प्रयोगशाळेत बसून राहणं जमणार नाही हे कळत होतं, आणि लवकर स्वतःच्या पायावर उभं राहायचं होतं. यातलं कुठलंही कारण मला कमी प्रतीचं वाटत नाही. ज्या पेशात पोट भरत नाही तिथे कितीही ओढ असली तरी माणूस टिकत नाही, आणि नर्सिंगला टिकणारी माणसं हवीत. घरातून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा यायचा: मार्क आहेत तर डॉक्टर का होत नाहीस? तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं, आता आहे. डॉक्टर येतात, तपासतात, निर्णय घेतात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. त्यांचं काम तसंच असायला हवं. मला जायचं नव्हतं. निर्णय झाल्यानंतरचे जे तास असतात, औषध लागू पडतंय की नाही हे हळूहळू दिसू लागतं ते तास, मला तिथे असायचं होतं.

या पेशात यायचं तर आधी आतून हाक यावी लागते, असं मानणारे पुष्कळ आहेत. अशा वेळी फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं नाव निघतंच. तिला हाक आली होती हे खरं. १८३७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या १६ व्या वर्षी, देवानं आपल्याला सेवेसाठी बोलावलं आहे असं तिनं लिहून ठेवलं. पण नक्की कोणत्या सेवेसाठी, हे त्या हाकेत नव्हतं. ते शोधायला, घरच्यांचा कडवा विरोध सोसायला आणि प्रत्यक्ष रुग्णांजवळ शिकायला मिळायला पुढची चौदा वर्षं गेली; जर्मनीत कैझर्सवेर्थ इथे तिनं प्रशिक्षण घेतलं ते १८५१ मध्ये. मधल्या काळात ती इस्पितळांचे अहवाल वाचत होती, टिपणं काढत होती. १८५४ मध्ये क्रिमियन युद्धात ३८ जणींना घेऊन ती स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात गेली, ती कथा सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्या हातातल्या दिव्याची चित्रं निघाली, कविता झाल्या. मला त्या दिव्यापेक्षा परतल्यानंतरची फ्लॉरेन्स जास्त जवळची वाटते. युद्धात मेलेल्या सैनिकांचे आकडे घेऊन ती बसली. जखमांनी मेलेल्यांपेक्षा रोगराईनं मेलेले कितीतरी जास्त होते, आणि १८५५ च्या वसंतात स्वच्छता आयोगानं गटारं साफ करून घेतली, हवा खेळती केली, त्यानंतर मृत्यू झपाट्यानं घटले होते. हे सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत भरावं म्हणून तिनं १८५८ मध्ये रंगीत वर्तुळाकार आलेख छापले. त्याच वर्षी ब्रिटनच्या संख्याशास्त्र संस्थेनं तिला सभासद करून घेतलं. त्या संस्थेतली ती पहिली स्त्री. लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळातली तिची नर्सिंग शाळा त्यानंतरची, १८६० ची.

म्हणजे जिची हाक सगळ्यात प्रसिद्ध, तिनंही आयुष्य घालवलं ते मोजण्यात, नोंदी ठेवण्यात आणि त्या नोंदींच्या बळावर भांडण्यात. माझ्यासारख्या हाक न आलेल्या मुलीला हे कळलं तेव्हा फार मोठा दिलासा मिळाला.

नर्सचं बघणं कुठवर जाऊ शकतं, याचं मला सर्वांत प्रिय असलेलं उदाहरण इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या इस्पितळातलं आहे. १९५६ च्या सुमारास तिथल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या विभागाची जबाबदारी सिस्टर जीन वॉर्ड यांच्याकडे होती. बाळांना कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन चांगलं, असं त्यांचं मत होतं, म्हणून हवा उबदार असली की त्या बाळांना अंगणात नेत. एकदा राउंडच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडून दाखवलं. अंगाचा रंग फिकट झाला होता, फक्त एका त्रिकोणी पट्ट्यात पिवळेपणा ठळक उरला होता. तेवढ्या भागावर चादरीचं टोक आलं होतं, तिथे ऊन लागलं नव्हतं. पुढे तिथल्याच डॉक्टरांनी उजेडाचा आणि बिलिरुबिनचा, म्हणजे काविळीत अंग पिवळं करणाऱ्या रक्तातल्या द्रव्याचा, संबंध तपासला आणि १९५८ मध्ये तो प्रसिद्ध केला. आज कावीळ झालेल्या नवजात बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवतात, त्या उपचाराची सुरुवात तिथे आहे.

त्या त्रिकोणाबद्दल मी अनेकदा विचार करते. ते बाळ इतरांनीही पाहिलं असेल. सिस्टर वॉर्डना तो दिसला कारण त्या रोज त्याच बाळांना उघडत होत्या, पुसत होत्या, गुंडाळत होत्या. कालचा रंग त्यांना आठवत होता. आणि दिसल्यावर, आपण कोण सांगणार, असं म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. या दुसऱ्या गोष्टीला तितकंच मोल आहे. डेन्मार्कच्या एलिस सोरेनसन या नर्सची गोष्टही तशीच आहे. शस्त्रक्रिया करून तिच्या बहिणीच्या पोटावर स्टोमा, म्हणजे मळ बाहेर पडण्यासाठी तोंड, केलं होतं, आणि गळती होईल या भीतीनं ती घराबाहेर पडायला धजत नव्हती. शस्त्रक्रिया वैद्यकाच्या दृष्टीनं पार पडली होती. पण बहीण घरात कोंडली गेली होती, हे एलिसला दिसत होतं. १९५४ मध्ये तिनं त्वचेला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी सुचवली. त्या कल्पनेवर पुढे अख्खा उद्योग उभा राहिला आणि जगभर असंख्य माणसं पुन्हा कामाला, लग्नाकार्याला, प्रवासाला जाऊ लागली.

माझ्या वाट्याला असं काही मोठं आलं नाही. पण एक सकाळ सांगते. शस्त्रक्रियेनंतर सुधारत असलेले एक आजोबा वॉर्डात होते. डोळे उघडले की पहिला प्रश्न, ‘सिस्टर, माझा चष्मा?’ त्या सकाळी त्यांनी विचारलं नाही. मी चष्मा हातात दिला, तो त्यांनी तसाच पांघरुणावर ठेवला. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता. पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्ये ‘रात्री शांत झोपले’ असं सांगितलं गेलं होतं. मला ती शांतता पटली नाही. म्हाताऱ्या माणसांत जंतुसंसर्ग कधी कधी ताप न देता असा मुका येतो. माणूस बडबडत नाही, ओरडत नाही, फक्त थोडा लांब गेल्यासारखा होतो. मी श्वास मोजले, तारीख आणि वार विचारला, मग डॉक्टरांना बोलावलं. फोनवर ‘चष्मा मागितला नाही’ एवढंच सांगून भागणार नव्हतं. श्वास २६, कालपेक्षा गोंधळलेले, उजवीकडे हवा कमी जाते आहे, असं सांगावं लागलं. फुफ्फुसात न्यूमोनिया सुरू झाला होता. वेळेत प्रतिजैविक मिळालं.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी नर्स-संशोधिकेनं १९८४ मध्ये नवख्या नर्सपासून तज्ज्ञ नर्सपर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. नवखी नियम धरून चालते, आणि तिनं तसंच चालायला हवं. पुढे अनुभवाची शेकडो माणसं मनात साठतात आणि मग एखादीला खोलीत पाऊल टाकताच कळतं, इथे काहीतरी बिघडतंय. कारण नंतर सापडतं. ही काही दैवी देणगी नव्हे. ती शिकून येते, आणि ती येऊ लागली की या कामाची ओढ लागते. निदान माझं तसं झालं. आधी हात बसला, मग जीव जडला.

आता लोक दबक्या आवाजात विचारतात त्याबद्दल. हो, मलमूत्र साफ करावं लागतं. उलटी, पू, रक्त, कुजलेल्या जखमेचा वास हे सगळं रोजचं आहे. ‘तुला किळस येत नाही?’ सुरुवातीला यायची. पण तिथे एक गोष्ट कळली, जी मला दुसऱ्या कुठल्या कामात कळली नसती. पक्षाघात झालेल्या एक काकू होत्या. बिछाना खराब झाला म्हणून तोंड भिंतीकडे करून रडत होत्या. ‘तू लहान मुलगी, तुला हे करायला लावते मी.’ मी म्हटलं, ‘काकू, हे माझं काम आहे आणि मला ते नीट येतं.’ त्यांचं रडणं थांबलं. दया दाखवली असती तर त्या आणखी शरमल्या असत्या. समोरचीला हे येतं, तिला यात विशेष काही वाटत नाही, चार मिनिटांत कोरडं अंथरूण होणार आहे, याची खात्री पटल्यावर त्या सैल झाल्या.

आणि ते खरंच यावं लागतं. अंग पुसताना जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवायचा, बाकीचं झाकलेलं. पाणी गार झालं की बदलायचं. कुशीवर वळवताना ओढायचं नाही, कारण ओढल्यानं कातडीखालचे थर एकमेकांवर घासले जातात आणि वरून धड दिसणारी त्वचा आतून फाटते. वळवल्यावर माकडहाड, टाचा, नितंबांची हाडं, कानांच्या पाळ्यासुद्धा बघायच्या. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडायचं. बोटाखाली पांढरं होऊन पुन्हा लाल झालं तर अजून वेळ आहे, लाल तसाच राहिला तर बेडसोअर सुरू झालाय. काळसर त्वचेवर हा लालपणा दिसत नाही, तिथे आजूबाजूच्या त्वचेपेक्षा ती जागा गरम, गार किंवा कडक लागते का, हे हाताला कळावं लागतं. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेलं ब्रेडन मापन यासाठीच वापरतात: संवेदना, ओलावा, हालचाल, स्वतःहून कूस बदलण्याची क्षमता, पोषण आणि घर्षण अशा सहा गोष्टींना गुण द्यायचे, बेरीज ६ ते २३ मध्ये येते, जितकी कमी तितका धोका जास्त. बाहेरच्या माणसाला दिसतं की दोन नर्स एका रुग्णाला कुशीवर वळवताहेत. त्या दोन मिनिटांत किती गोष्टी तपासून झालेल्या असतात, ते दिसत नाही. चांगल्या नर्सिंगचं यश बहुधा असंच असतं, जखम झालीच नाही, पडणं टळलं, नळी वेळेत काढली म्हणून जंतू शिरले नाहीत. न घडलेल्या गोष्टींचा सत्कार कुणी करत नाही.

त्यामुळेच मला राग येतो तो ‘सेवा’ म्हणून हात जोडणाऱ्यांचा, जे पगाराचा विषय निघाला की तीच सेवा पुढे करतात. तुमची ओढ आहे ना, मग जास्तीची ड्यूटी करा. तुम्ही देवमाणसं, तुम्हाला पैशाचं काय. हे मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे आणि दर वेळी उत्तर दिलं आहे. ओढ आहे म्हणूनच मला माझ्या वाट्याला येणाऱ्या रुग्णांची संख्या मोजायची असते. लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ इस्पितळांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांमध्ये, एका नर्समागे एक रुग्ण वाढला की ३० दिवसांच्या आत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना आढळली. नर्सच्या थकून जाण्याची शक्यता तर २३ टक्क्यांनी. या आकड्यांमागचं कारण मला वॉर्डात रोज दिसतं. चार रुग्ण असले तर चष्मा न मागणारा माणूस लक्षात येतो. बारा असले तर औषधं वेळेवर वाटून होतात, चार्ट भरून होतात, आणि तो माणूस दुपारपर्यंत ‘शांत’ राहतो. तिथे नर्सची माया कमी पडलेली नसते. तिच्याकडे वेळ नसतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार २०२३ मध्ये जगात २ कोटी ९८ लाख नर्स होत्या आणि ५८ लाखांची तूट होती. ही तूट कौतुकानं भरून निघणारी नाही. ज्यांना हे काम आवडतं तेच ते सोडून जातात, कारण कसं करायला हवं हे त्यांना ठाऊक असतं आणि तसं करता येत नाही, याची टोचणी त्यांनाच लागते. माझ्या दोन जिवलग मैत्रिणी अशाच गेल्या. दोघीही माझ्यापेक्षा चांगल्या नर्स होत्या.

नर्सिंग ही वर चढायची पायरी आहे, असं समजणाऱ्यांना मी सिसिली सॉंडर्सबद्दल सांगते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी नाइटिंगेलच्याच शाळेत प्रशिक्षण घेतलं. पाठीच्या दुखण्यामुळे नर्सिंग सोडावं लागलं, मग त्या इस्पितळात समाजसेविका झाल्या, नंतर वैद्यक शिकून १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनला सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केली. आधुनिक उपशामक उपचारांची ती सुरुवात मानतात. पण डॉक्टर होण्याआधीच, मरणासन्न रुग्णांच्या एका संस्थेत संध्याकाळी नर्सिंगची स्वयंसेवा करताना, त्यांनी एक गोष्ट पाहिली होती: तिथे वेदनाशामक ठरलेल्या वेळी देत, वेदना परत यायची वाट न बघता. त्यामुळे रुग्णाला दर वेळी विनवणी करावी लागत नसे. पुढे त्यांनी त्याचा शास्त्रशुद्ध पाठपुरावा केला. नर्स म्हणून जे दिसलं ते त्यांनी डॉक्टर झाल्यावर मागे टाकलं नाही, बरोबर नेलं.

मरणाजवळची कामं मला स्वतःला अवघड जातात, तरी मी ती टाळत नाही. शेवटच्या तासांत नातेवाईक विचारतात, ‘त्यांना ऐकू येतं का?’ येतं असं धरूनच मी बोलते. तोंड कोरडं पडतं, ओठ ओल्या बोळ्यानं ओले करायचे. हे घरच्यांना करायला दिलं तर त्यांच्या हातांना काम मिळतं. प्राण गेल्यानंतर अंग पुसताना सुद्धा मी ‘आता कुशीवर वळवते हं’ असं सांगते. माझ्या सीनियर सिस्टर तसं करायच्या, त्यांच्याकडून मी घेतलं, आणि आता माझ्याबरोबरच्या विद्यार्थिनी घेतात. हे कुठल्याही परीक्षेत विचारत नाहीत.

नर्सिंगला जाऊ का, असं कुणी विचारलं तर मी आधी ओढीबद्दल विचारत नाही. अनोळखी माणसाची झोप, भूक, पोट साफ होणं, याबद्दल तुला खरंच कुतूहल वाटतं का, असं विचारते. वरिष्ठाला रात्री तीन वाजता उठवून ‘या, मला काळजी वाटते’ असं म्हणण्याचं धाडस शिकायची तयारी आहे का? आणि कॉलेज निवडताना इमारत बघू नकोस. वॉर्डातले तास किती आहेत, रुग्णाजवळ उभं राहून कोण शिकवतं, तिथे एका नर्सकडे किती रुग्ण असतात, हे विचार. उत्तर देताना कुणी चाचरलं तर समज. ज्यांना दुसऱ्यांनी आपल्याला चांगलं म्हणावं एवढ्यासाठीच यायचं असेल, त्यांना हे काम लवकर रितं करतं. पण ज्यांना माणसाचं शरीर आणि मन दोन्ही जवळून समजून घ्यायचंय, हातांनी काही शिकायचंय, त्यांना मी मनापासून ‘ये’ म्हणते.

मला स्वतःला आता जखमांचं काम नीट शिकायचंय. पायावर वर्षानुवर्षं न भरणारे शिरांचे व्रण असतात. त्यांना मलमापेक्षा दाबपट्टीची गरज जास्त असते. घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब, वर गुडघ्याकडे कमी होत जाणारा. पण त्याआधी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर डॉपलरनं, म्हणजे रक्ताचा प्रवाह ऐकवणाऱ्या छोट्या यंत्रानं, काढावं लागतं, कारण धमन्याच अरुंद झालेल्या असतील तर हीच पट्टी पाय घालवते. पुस्तकात वाचून हे कळलं आहे, हाताला अजून येत नाही. प्रशिक्षणाचा वर्ग पुढच्या महिन्यात सुरू होतोय. इन्चार्ज सिस्टरांनी माझ्या नाइट ड्यूट्या पुढे ढकलून दिल्या आहेत.